एकाचे तीन कसे होतात? बोरिवलीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. प्रतिक्रियेच्या चौकटीत हे मावेना, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दादरच्या आमच्या घरातले दोन इलेक्ट्रिक गीझर काढून मागच्या गॅलरीत २०० लिटरचा एकच हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) बसवला, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर बँकेच्या ऑडिट विभागातून निवृत्त झालेल्या एका काकांची चांगली खरमरीत प्रतिक्रिया आली. त्यांचं म्हणणं असं:

‘ताई, माझ्या जावयाने ओस्लोत तेलाचा बॉयलर काढून हीट पंप बसवला, ते समजू शकतो. तिथे बर्फ पडतो. इथे घामाच्या धारा लागलेल्या असताना हे थंड देशांचं फॅड कशाला? एक युनिट वीज घालून तीन युनिटांची उष्णता मिळते म्हणता. एकाचे तीन करून देणाऱ्या योजना मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या. वीज शेवटी कोळशाचीच. आम्ही दोघंच, १५ लिटरचा गीझर आहे, उद्या तो गेला तर पाइपच्या गॅसवरचा घेऊ. लाखभर रुपये घालून काय मिळवायचं? आमची बिल्डिंगही रिडेव्हलपमेंटला चालली आहे. आणि ही जाहिरात असेल तर तसं वर लिहा.’

शेवटचं आधी. जाहिरात नाही. कंपनीचं नाव मी मुद्दामच लिहिलं नव्हतं आणि आजही लिहिणार नाही. यंत्राचे पैसे आमच्या खिशातून गेलेत.

आता एकाचे तीन. तुमचा संशय अगदी योग्य जागी आहे, कारण खरोखरच कुठलंही यंत्र एका युनिटातून तीन निर्माण करू शकत नाही. पण वहीची जमा बाजू पूर्ण वाचा. विजेचं एक युनिट ही एक नोंद. दुसरी नोंद गॅलरीतल्या हवेची: तिच्यातून दोन-अडीच युनिटं उष्णता काढून घेतली जाते आणि टाकीतल्या पाण्यात भरली जाते. बेरीज जुळते. गीझरची कॉइल स्वतः तापते, म्हणजे विजेचीच उष्णता होते, एकास एक. पंपातली वीज कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवते, बाकी माल हवेतून येतो. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज हेच करतो. त्याच्या मागे हात लावून पाहा. आतली उष्णता तिथे बाहेर टाकलेली असते.

हवेतून उष्णता येते याचा पुरावा मागाल तर तो आमच्या गॅलरीत ट्रेमध्ये साठतो. पंपातून बाहेर पडणारी हवा थंड आणि बरीच कोरडी असते, कारण दमट हवा पंपाच्या थंडगार कॉइलवरून (ही तापणारी नव्हे, हवेतली उष्णता शोषणारी कॉइल) गेली की तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली ठिबकते. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, दर लिटरला सुमारे ०.६८ युनिट, आणि तीही टाकीतच जाते. पावसाळ्यात हा ट्रे रोज भरतो. म्हणजे ज्या दमटपणामुळे तुमच्या घामाच्या धारा वाळत नाहीत, तोच या यंत्राच्या पथ्यावर पडतो. (ट्रेला उताराची नळी जोडायला विसरू नका, नाहीतर खालच्या मजल्यावरून फोन येतो.)

इथून पुढचा मुद्दा आपोआप येतो. थंड देशात पंप चालतो म्हणजे तो थंडीसाठी बनलेला आहे, असं नाही. हवा जितकी गार आणि पाणी जितकं गरम हवं, तितकी त्याची दमछाक जास्त. २६ अंशांच्या हवेतून ५५ अंशांचं पाणी करायचं असेल तर निसर्गनियमाने ठरलेली कमाल मर्यादा एकास अकरा. उणे दहाच्या हवेतून तेच करायचं तर मर्यादा एकास पाच. प्रत्यक्ष यंत्रं या मर्यादेच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत पोचतात. म्हणून आपल्याकडे तीन-साडेतीन, आणि ओस्लोत कडाक्याच्या थंडीत दोनच्या आगेमागे. शिवाय तिथे बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो आणि तो वितळवायला मधूनमधून यंत्र उलटं चालवावं लागतं. मुंबईत जानेवारीतल्या पहाटेही पारा १५-१६च्या खाली क्वचितच जातो.

फॅड म्हणाल तर, झुरिकच्या नगरभवनात लिम्मट नदीच्या पाण्यातून उष्णता ओढून इमारत तापवणारा पंप १९३८ साली बसला. तत्त्व त्याहून जुनं, लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडलेलं. तुमच्या जावयाला तर फारशी निवडही नव्हती: इमारती तापवण्यासाठी खनिज तेल जाळायला नॉर्वेत १ जानेवारी २०२० पासून बंदी आहे. (तेल जाळून पाणी तापवणं आपल्यालाही परकं नाही म्हणा. रेशनचं रॉकेल आणि फरफरणारा स्टोव्ह आमच्या चाळीतल्या आंघोळींना पुरून उरला होता.)

पण तुमच्या टोल्यात एक गोष्ट आहे आणि ती मी मूळ लेखात पुरेशी ठसवली नव्हती. मुंबईत पंप सहज चालतो, आणि मुंबईतच त्याला काम सर्वांत कमी. जावयाच्या जुन्या बॉयलरला वर्षाला २,००० लिटर तेल लागत होतं असं धरा. एका लिटरमध्ये साधारण १० युनिटं उष्णता, म्हणजे २०,००० युनिटं. अख्खं घर सात-आठ महिने उबदार ठेवायचं असतं ना. आमच्या घरात सात माणसं. माणशी २५ लिटर पाणी १५ अंशांनी तापवायचं तर दिवसाला तीन युनिटं उष्णता, वर्षाला अकराशेच्या आसपास. जावयाच्या एका वर्षाच्या उष्णतेत आमच्या सगळ्यांच्या आंघोळी अठरा वर्षं होतील. मे महिन्यात तर दुपारी गच्चीच्या टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं असतं की नळाखाली हात धरवत नाही.

आता तुमच्या घराचा हिशोब. दोन माणसं, ५० लिटर, १५ अंश: ०.८७ युनिट. गीझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून सव्वा युनिट म्हणू. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला पावणेचारशे, वर्षाला साडेचार हजार. पंपाने त्यातले तीन हजार वाचतील आणि यंत्र लाखाचं. तीस-पस्तीस वर्षांत पैसे वसूल होतील, पण तोवर यंत्र टिकणार नाही. काका, घेऊ नका. हे मी मनापासून सांगते. तुमचा गीझर चांगला स्टार असलेला असेल तर थर्मोस्टॅट ५५च्या आसपास ठेवा, दोघांच्या आंघोळी लागोपाठ उरका आणि बटण बंद करा. यापेक्षा स्वस्त सुधारणा नाही.

आमच्याकडे जुन्या दोन गीझरांना दिवसाला साडेचार युनिटं लागत, आता दीड लागतं. वर्षाला दहा-अकरा हजार वाचतात. दोन्ही गीझर तसेही बदलायलाच आले होते, त्यांची किंमत वजा केली तर सात-आठ वर्षांचा मामला. भरघोस नाही, पण तोट्याचा नाही. सासूबाईंना संधिवातामुळे दुपारीसुद्धा शेकायला गरम पाणी लागतं, आणि ते आता कधीही नळाला असतं, याची किंमत मी हिशोबात धरलेली नाही. त्रासही आहेत. टाकीतलं गरम पाणी एकदा संपलं की पुन्हा तापायला तीन तासांहून जास्त लागतात, त्यामुळे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पाहुणे धरून कोण कधी जाणार हे आदल्या रात्री ठरवावं लागतं. आत जादा कॉइल आहे, पण ती चालू केली की तो निव्वळ गीझर. आणि समुद्र जवळ असल्याने खारी हवा कॉइलचे पातळ पत्रे खाते. शिवाजी पार्काच्या बाजूचे एसी बघा म्हणजे कळेल. ते पत्रे गोड्या पाण्याने नियमित धुवावे लागतात. आवाज खिडकीच्या एसीपेक्षा कमी, तरी झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावू नये.

कोळसा. आपल्याकडे ग्रिडच्या एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. (मुंबईच्या विजेत खोपोली-भिवपुरी-भिऱ्याचं पाणीही आहे, पण ते बाजूला ठेवू.) कॉइलच्या गीझरमध्ये एका युनिट उष्णतेमागे हाच ०.७ किलो, पंपात त्याचा तिसरा हिस्सा, ०.२३. म्हणजे वीज कोळशाची आहे म्हणूनच ती तिप्पट जाळू नये, असा याचा अर्थ होतो. पाइपच्या गॅसचा गीझर मात्र ०.२५च्या घरात येतो, पंपाच्या जवळपास बरोबरीने. कार्बनच्या मुद्द्यावर गॅसवाल्यांशी मी आज भांडणार नाही. ग्रिडमध्ये सौर वीज वाढेल तसा पंपाचा आकडा खाली येत जाईल, गॅसचा आहे तिथेच राहील.

गॅसबद्दल माझी हरकत वेगळी आहे. आपली बाथरूम म्हणजे चार बाय सहाची खोली, वर एक झडपांची खिडकी, तीही बहुधा थंडीत पुठ्ठा लावून बंद केलेली. अशा खोलीत गॅस जळाला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आतून कडी लावून बसलेला असतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅसचाच घ्यायचा झाला तर तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत लावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत न्या. प्लंबर ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तरी.

आणि आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य, जे मला तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत सर्वांत महत्त्वाचं वाटलं: बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. दोन माणसांना न परवडणारं यंत्र दीडशे माणसांना परवडतं. ४० फ्लॅट, १४० माणसं धरा. त्याच मापाने दिवसाला ६१ युनिटं उष्णता. घरोघरच्या गीझरांना टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून ६५-७० युनिटं वीज लागेल. सामायिक पंपाला लांब पाइपांतून वाया जाणारी उष्णता धरूनही २५-२७. वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे बचत, शिवाय सकाळी सात वाजता ऐंशी बाथरूमचे तीन-तीन किलोवॅटचे इन्स्टंट गीझर एकदम चालू होण्याचा भार नाही. बिल्डर सौर पाणीतापक दाखवेल, तेही चांगलंच. पण १०० लिटरला दोन चौरस मीटर पत्रा लागतो, म्हणजे ४० फ्लॅटांच्या ४,००० लिटरला ८० चौरस मीटर, आणि उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची खोली, टाक्या वगळून तेवढी उन्हाची जागा उरते का ते आराखड्यात मोजा. जून ते सप्टेंबर ऊन नसताना त्या टाक्यांना आधार म्हणून कॉइल ठेवणार की पंप, हेही विचारा.

जुन्या इमारतीत हे सगळं जवळजवळ अशक्य, कारण गरम पाण्याचा उभा पाइप मुळातच नसतो आणि तो नंतर घालायचा म्हणजे प्रत्येकाच्या टाइल्स फोडायच्या. (ती सर्वसाधारण सभा मला डोळ्यांसमोर दिसते.) नव्या बांधकामात तोच पाइप आराखड्यावरची एक रेघ असते. भांडण होईल ते बिलावरून, ‘आम्ही दोघं, ते सहा’ या प्रकारचं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटला गरम पाण्याचा वेगळा मीटर, आणि तो पहिल्या दिवसापासून.

प्लंबिंगचा आराखडा सोसायटीकडे आला की तीन गोष्टी तुम्हीच तपासा, ऑडिटरच्या नजरेतून सुटणार नाहीत: गरम पाण्याचा उभा पाइप आहे का, त्याला परतीची लाइन (पाइपात गार होणारं पाणी पुन्हा टाकीकडे नेणारी) दाखवली आहे का, आणि दोन्हींवर इन्सुलेशन लिहिलं आहे का. परतीची लाइन नसेल तर सातव्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाहून जाईल, आणि तुमचा जावई मग मलाच नावं ठेवेल.