आपल्याच साहेबाला आपली ओळख करून देताना

ऑफिसातल्या प्रमोशनच्या इंटर्व्यूचं सर्क्युलर नोटीस बोर्डावर लागलं की त्याच दिवसापासून घाबरायला सुरुवात करा. आदल्या रात्री बघू म्हणणारे लोक ऐनवेळी फसतात, कारण चांगली मुरलेली भीती तयार व्हायला निदान 15 दिवस लागतात, कैरीच्या लोणच्यासारखंच आहे ते. आणि तुम्ही म्हणाल की एवढं काय घाबरायचं, आपलंच ऑफिस, आपलीच माणसं. अहो तेच तर! बाहेरच्या कंपनीत इंटर्व्यू असेल तर तुम्ही ‘मी फार वक्तशीर’ म्हणालात तरी समोरचा बिचारा लिहून घेतो. इथे समोर जो बसलेला असतो त्याला तुमच्या हाफ डेची सगळी कारणं पाठ असतात, तुमची कुठली आजी कुठल्या वर्षी गेली हेसुद्धा, आणि ती दोनदा गेली हेसुद्धा.

हे मी अनुभवाने बोलतोय. गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका कंपनीत (नाव नको, पगार अजून तिथूनच येतो) मला 11 वर्षं झाली, आणि सीनियर एक्झिक्युटिव्हचा असिस्टंट मॅनेजर व्हायला मी 3 वेळा इंटर्व्यू दिलाय. व्हिजिटिंग कार्डावर अजून सीनियर एक्झिक्युटिव्हच आहे, तेव्हा सल्ला कुणाचा घेताय ते समजून घ्या.

तर पहिलं काम म्हणजे दिसेल त्याला विचारत सुटायचं. कॅन्टीनमध्ये भाजी-पाव खाताना विचारा, कदंबाच्या शटलमध्ये शेजारी बसलेल्याला विचारा, सासऱ्यांना तर विचाराच कारण ते सरकारी नोकरीतून रिटायर झालेले असतात आणि त्यांच्या मते इंटर्व्यू वगैरे काही नसतं, सीनियॉरिटी असते आणि फायलीत काय लिहिलंय ते असतं. एक जण सांगेल की सगळं आधीच ठरलंय, अमक्याने फिल्डिंग लावलीय, तुला फक्त कोरम भरायला बोलावलंय. दुसरा सांगेल की तसं काही नाही, यावेळी एकदम फेअर आहे, सगळ्यांना तेच प्रश्न, तसेच मार्क. दोघांवरही पूर्ण विश्वास ठेवा. म्हणजे रात्री 2 वाजता जाग आली की विचार करायला दोन्ही बाजू हाताशी असतात.

मग देव. आमच्याकडे गोव्यात ही सोय उत्तम आहे, गावच्या देवळात जाऊन प्रसाद घ्यायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात, आणि उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. आई म्हणाली जाऊन तर येऊ, मी म्हटलं बरं. भटजींनी नाव-गाव सांगून ‘ह्या लेकराक असिस्टंट मॅनेजर’ असं इतक्या गोड सुरात म्हटलं की पोस्टच पवित्र वाटायला लागली. आणि मग आम्ही तिघे त्या पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. 5 मिनिटं झाली, 10 झाली. उजवी हलली, हलली, आणि थांबली. डावी तर फेव्हिकॉलने चिकटवल्यासारखी. माझ्यामागे एक जोडपं मुलीच्या स्थळाचं विचारायला ताटकळलं होतं, त्यांनी एकदा घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वीसेक मिनिटांनी मधली एक पाकळी पडली, जिच्याबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. भटजी म्हणाले, देव विचारात आहे. आई बाहेर आल्यावर म्हणाली, म्हणजे होल्डवर ठेवलंय.

विज्ञानही सोडू नका बरं का, भीती वाढवायला त्याचा फार उपयोग होतो. श्वासाचा व्यायाम सगळेच सांगतात, सावकाश आत घ्यायचा आणि त्याहून जास्त वेळ लावून बाहेर सोडायचा, असं चारपाच मिनिटं केलं की छातीतली धडधड जरा खाली येते. हे खरंच होतं, म्हणूनच करू नका, 15 दिवसांची मेहनत 5 मिनिटांत पाण्यात घालवायची नसते. त्यापेक्षा कॉफी घ्या. सकाळी एक, निघताना एक, पोचल्यावर मशीनची एक. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे 11 च्या इंटर्व्यूला तिन्ही कॉफ्या तुमच्यासोबत आत येतात, खुर्चीत तुम्ही एकटेच बसलात तरी.

अमेरिकेत हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स म्हणून एका बाईंनी 2014 साली एक अभ्यास छापला होता, त्यात असं निघालं की घाबरलेल्या माणसाने स्वतःला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मला उत्साह आलाय’ असं मोठ्याने म्हटलं तर त्याचं भाषण, गाणं, गणित सगळंच जरा बरं होतं. कारण धडधड दोन्हीत सारखीच असते, फक्त नाव बदलायचं. मला हे पटलं. दुसऱ्या इंटर्व्यूच्या आधी तळमजल्यावरच्या टॉयलेटमध्ये जाऊन, आजूबाजूला कोणी नाही बघून, मी 3 वेळा मोठ्याने म्हटलं, आय ॲम एक्सायटेड, आय ॲम एक्सायटेड, आय ॲम एक्सायटेड. आतल्या बंद दारामागून अकाउंट्सवाल्याचा आवाज आला, ‘कितें जालें रे? बरो आसा मू?’ दुपारपर्यंत ही बातमी पॅकिंग सेक्शनपर्यंत गेली होती आणि तिथपर्यंत जाता जाता तिच्यात काय काय मिसळलं ते इथे लिहिता येणार नाही.

कंबरेवर हात ठेवून दोन मिनिटं रुबाबात उभं राहिलं की अंगात हिंमत येते, हेही ऐकलं असेलच. तो अभ्यास 2010 चा, पुढे दुसऱ्यांनी करून बघितलं तर हार्मोन-बिर्मोन काही बदलले नाहीत, आणि 2016 मध्ये मूळ अभ्यासातल्याच एका बाईंनी जाहीर सांगून टाकलं की माझा आता यावर विश्वास नाही. आमच्याकडे एक जण अजून लिफ्टमध्ये तसा उभा राहतो. त्याला सांगू नका, तो माझ्यानंतर जॉइन झाला आणि त्याला प्रमोशन मिळालंय.

आणि ते उंदरांचं. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिले, काम अवघड असलं तर मध्यम झटक्याने उंदीर लवकर शिकतो आणि जास्त झटक्याने मागे पडतो. म्हणजे थोडी भीती कामाची, जास्त झाली की घोटाळा. आमच्या एचआरने हा प्रयोग झटक्यापर्यंत वाचलाय असा माझा अंदाज आहे.

कपड्यांवर जास्त बोलत नाही. मे महिन्यात गोव्यात कोट घाला, बास.

वेळेवर पोचण्याबद्दल मात्र वाईट वाटतं. पूर्वी म्हापशाहून वेर्ण्याला जायचं म्हणजे कुठ्ठाळीचा जुना पूल होता, तिथल्या ट्रॅफिकवर काहीही खपायचं, पाऊण तास उशीर झाला तरी पॅनल उलट सहानुभूतीने पाणी द्यायचं. 2022 च्या डिसेंबरात झुआरीवरचा नवा पूल सुरू झाला आणि आमच्यासारख्यांचं भरून न येणारं नुकसान झालं. आता माणूस वेळेच्या आधी पोचतो, आणि मग तास-तासभर कॉन्फरन्स रूमबाहेरच्या त्या रेक्झिनच्या सोफ्यावर, बाकीच्या दोन उमेदवारांच्या मध्ये. ते दोघे म्हणजे कोण, तर एकाच्या मुलीच्या बारशाला तुम्ही चांदीची वाटी दिलेली, आणि दुसऱ्याबरोबर तुम्ही रोज डबा खाता. तिघेही एकमेकांना ‘तुझंच होणार रे’ म्हणतात आणि तिघांच्याही पोटात एकच कळ.

आता आत. पुस्तकी सल्ला असा असतो की पॅनलची भीती वाटली तर त्यांना चड्डी-बनियनमध्ये इमॅजिन करा. बाहेरच्या इंटर्व्यूत ठीक आहे हो. माझ्या साहेबांना मी सां जांवच्या (आमचा जूनमधला विहिरीत उड्या मारायचा सण) पिकनिकला डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून, बर्म्युड्यावर, ‘व्हिवा सां जांव’ ओरडत विहिरीत उडी मारताना प्रत्यक्ष बघितलंय, बाहेर काढायला दोरी मीच धरली होती. काडीचाही उपयोग झाला नाही. उलट त्यांनीही मला त्याच दिवशी काय अवस्थेत बघितलं ते आठवलं आणि घशाला कोरड पडली.

आणि भाषेची गंमत. घरी आम्ही मराठी, ऑफिसात साहेबांशी सकाळ-संध्याकाळ कोंकणी, ‘फायल खंय आसा रे’ पासून ‘आज बांगडो कसो होतो’ पर्यंत. पण इंटर्व्यूत तोच माणूस टाय लावून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन, जन्मात कधी भेट नसल्यासारखा विचारतो, ‘सो, टेल अस अबाउट युअरसेल्फ.’ अहो पात्रांव, काल तुमची स्कूटर मी सर्व्हिसिंगहून आणली! मी काय सांगणार माझ्याबद्दल? मी काय केलं माहितीय, उठून हात पुढे केला आणि पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि वर म्हटलं, ‘नाइस टू मीट यू सर.’ साहेबांनी हात मिळवला. काय करणार तेही.

हेड ऑफिसहून मुंबईचे एक गृहस्थ आले होते, त्यांनी विचारलं की गोव्याची माणसं सुशेगाद, म्हणजे एकदम निवांत, असतात असं ऐकलंय, तुम्ही प्रेशर कसं हँडल करता? अकरा वर्षं नाइट शिफ्टची बॅच अडकली की पहाटे उठून धावणारा मी, खरं तर चिडायला हवं होतं, पण तिसरी कॉफी बोलली, ‘सर, 150 बाय 100 आहे, गोळी चालू आहे.’ एचआरच्या मॅडमनी हे लिहून घेतलं. बाकी एक शब्दही त्यांनी लिहिला नव्हता.

मग तो वीकनेसचा प्रश्न, ज्याचं उत्तर ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ असं सोफ्यावरच्या तिघांनीही पाठ केलेलं असतं. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळातल्या घंटेची गोष्ट आमच्याकडे सांगतात, पूर्वी तिला लोळा नसायचा, कोणाला साक्ष द्यायची असेल तेव्हाच तो बांधायचे, आणि ती घंटा वाजवून खोटं बोलणाऱ्याला देवी तीन दिवसांत बघून घेते म्हणून पोर्तुगीजांच्या काळातही ती साक्ष मानायचे म्हणे. आणि ही म्हाळसा मूळची कुठली? वेर्ण्याची! 16 व्या शतकात इकडे देवळं पाडायला लागले म्हणून तिला नदीपलीकडे म्हार्दोळला हलवली. गेली ते एका अर्थी बरंच झालं. ती घंटा आमच्या कॉन्फरन्स रूमच्या ऐकण्याच्या टप्प्यात असती तर तीन दिवसांत वेर्ण्याची निम्मी इस्टेट रिकामी, आणि त्यात पॅनलवालेही आले, कारण ‘वी आर लाइक अ फॅमिली’ ते म्हणाले होते.

शेवटी बाहेर कसं पडायचं. हे कोणी शिकवत नाही. ‘थँक यू, वी विल लेट यू नो’ झालं, मी उठलो, फाइल छातीशी धरली, रुबाबात वळलो आणि दार उघडून बाहेर पडलो. बाहेर अंधार होता. त्या खोलीला दोन दारं आहेत हे मला 11 वर्षं माहीत आहे, दुसरं दार स्टेशनरीच्या खोलीचं आहे हेही माहीत आहे, त्या खोलीची किल्ली दोन वर्षं माझ्याकडेच होती. आत फिनाइलचा वास, जुन्या टोनरचे डबे, मागच्या दिवाळीचे आकाशकंदील. मागे दार आपोआप लागलं. आता परत वळून सॉरी म्हणायचं की इथेच रिटायर व्हायचं, असा मी बराच विचार केला, निदान मला तो बराच वाटला. मग शेल्फवरून ए-फोर कागदाच्या दोन रिम काढल्या, काखेत मारल्या, आणि त्यासाठीच गेलो होतो अशा चेहऱ्याने पॅनलसमोरून चालत खऱ्या दाराने बाहेर आलो. मॅडम खाली मान घालून काहीतरी शोधत होत्या. मुंबईवाल्यांना वाटलं असणार, माणूस कामसू आहे. साहेबांनी मात्र, त्या दिवसात पहिल्यांदाच कोंकणीत, हळूच म्हटलं, ‘इंडेंटाचेर सय कर रे,’ म्हणजे सामान नेल्याच्या कागदावर सही कर.

रिझल्ट जूनच्या शेवटी लागणार होता. मग म्हणाले चवथ होऊन जाऊदे, चवथीत कोण साइन करणार. चवथीनंतर दसरा, दसऱ्यानंतर दिवाळी, मग 3 डिसेंबरचं ओल्ड गोव्याचं फेस्त, मग नाताळ, मग साहेब लिव्हवर, मग कार्निव्हल, मग शिगमो, आणि शिगम्यानंतर मार्च एंडिंग. एप्रिलमध्ये मेल आला की सदर पोस्ट तूर्त होल्डवर ठेवण्यात आली आहे. आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, मग, देवाने तेव्हाच सांगितलं होतं की.

परवा नवीन सर्क्युलर लागलंय. दोन्ही रिम अजून माझ्या टेबलाखालीच आहेत, इंडेंटवर सही मात्र राहूनच गेलीय.