स्मरणचित्र : रेल्वे फलाट

आठवीत चित्रकलेच्या सरांनी मला एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसवलं. त्यात माझ्या कलेचा काही हात नव्हता. तालुक्याच्या परीक्षाकेंद्रावर न्यायची जीप आठ जणांत परवडत होती आणि मुलं सातच झाली होती.

आमच्या आळीतल्या गणपतीशाळेत माझी पारख आधीच झाली होती. तिथल्या काकांनी मला रंगवायला फक्त उंदीर दिले, तेही पाठमोरे. ते स्वतः एका श्वासात देवाचे डोळे आखायचे. ते एलिमेंटरीला कधी बसले नव्हते, हे मी घरी दोनदा सांगून पाहिलं.

सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "दिसतं ते काढ, माहीत आहे ते काढू नकोस." ऐकायला सोपं वाटतं. आता कळशीचं तोंड गोल असतं हे अख्ख्या मालवणला माहीत आहे. पण समोर बसून पाहिलं की ते लंबवर्तुळ दिसतं. बरं, तोंड लंबवर्तुळ काढलं तर तळ सरळ रेघेत काढून चालत नाही, तोही वाकवावा लागतो. मी पडवीत कळशी ठेवून महिनाभर तिला वाकवली. आजीने एकदा कागद हातात घेतला नि म्हणाली, "ह्यो भोपळो बरो जमलो रे. पण कळशी खंय?"

परीक्षेचे दोन दिवस, चार पेपर. गणपती नुकतेच येऊन गेलेले, पाऊस मात्र जायला तयार नव्हता. कागद सादळून पापडाच्या लाटीसारखा मऊ पडलेला. त्यावर पाण्याचा हात फिरवला की तो वाळतच नाही. पार्श्वभूमीचा प्रशियन ब्लू हळूहळू कळशीत उतरला. पाणी भरलेली कळशी काढली म्हणावं, तर बाहेरून भरलेली. भूमितीबद्दल एवढंच सांगतो, की माझ्या पंचकोनाचा शेवटचा कोन पहिल्याला भेटला नाही.

मग आलं स्मरणचित्र. विषय : रेल्वे फलाटावरील दृश्य.

साल १९९१. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली १९९८ मध्ये. सात वर्षं आधी स्मरायचं म्हणजे काय करायचं? आगगाडी मी कॅलेंडरवर पाहिली होती, तीही समोरून. पण फलाट हा शब्द ओळखीचा होता. आमच्या एसटी स्टँडवर चांगले चार फलाट होते! तोच स्टँड काढायला घेतला. चौकशीची खिडकी, कंट्रोलर, बाकड्यावर फणस मांडीवर घेऊन बसलेली बाई. (सप्टेंबरात फणस कुठला, असं शेजारचा पोरगा पुटपुटला. तो स्वतः इंजिनाला स्टिअरिंग काढत होता.) आणि एसटी जशी फलाटाला तोंड लावून उभी राहते, तशीच माझी आगगाडी फलाटाला तोंड लावून उभी केली. मागचे डबे कागदात मावले नाहीत. कपाळावर पाटी लावली : मालवण–बोरिवली. मागच्या दाराशी कंडक्टर घंटेची दोरी ओढतोय.

सी श्रेणी मिळाली. सर म्हणाले, "गर्दी छान काढलीस." गाडीबद्दल ते काहीच बोलले नाहीत, सज्जन माणूस.

आता लेकीची इंटरमिजिएट, म्हणजे एलिमेंटरीच्या पुढची परीक्षा आहे. ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढून मिळतात, बीला ५, सीला ३. त्यामुळे घरात कलेला एकदम प्रतिष्ठा आली आहे. तिला रेल्वे फलाट डोळे मिटून काढता येतो. परवा सरावाला विषय आला, 'विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका'. आमच्याकडे बटण दाबलं की पंप सुरू होतो.

"बाबा, रहाट कसा असतो ओ?"

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. रहाट काढला, दोर काढला आणि दोराला मोठ्या हौसेने कळशी लटकवली.

तिने बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता खोडरबर उचलला.