सीन म्यूट करून बघा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, बहुतेक तुमच्याकडेही आला असेल. त्याचं सार असं: बॅकग्राऊंड म्युझिक म्हणजे कच्च्या दिग्दर्शकाची कुबडी, कुठलाही गाजलेला सीन म्यूट करून बघा, हवाच निघून जाते. मोठे दिग्दर्शक संगीत वापरतच नाहीत. संगीत तुम्हाला 'आता रडा' म्हणून हुकूम सोडतं. खरी ताकद शांततेत, सैराटचा शेवट आठवा. आणि चांगलं पार्श्वसंगीत ते, जे जाणवतच नाही. खाली सगळे 'एकदम परफेक्ट बोललात' करतायत, म्हणून म्हटलं एकेक घेऊ.

पहिलं म्यूटचं. मिसळीतला कट आधी काढून ठेवायचा आणि मग उसळ फिकी लागते म्हणून आचाऱ्याला शिव्या घालायच्या, त्यातला प्रकार आहे हा. सीन संगीत धरूनच रचलेला असतो हो. १९७५ चा माणसं खाणाऱ्या शार्कवरचा 'जॉज' घ्या. यांत्रिक शार्क शूटिंगला सारखा बंद पडायचा म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो फार दाखवताच आला नाही, मग पाण्याखाली शार्क आहे हे आपल्याला कळतं कशावरून, तर संगीतकार जॉन विल्यम्सच्या त्या दोन सुरांवरून. आणि गंमत बघा, दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून पाण्यात सगळ्यांना घाबरवतात तिथे ती थीम वाजतच नाही, म्हणजे संगीत प्रामाणिकपणे सांगतंय की इथे शार्क नाहीये. ही सवय आपल्याला लागली की पुढे बोटीच्या मागे शार्क अचानक तोंड वर काढतो, तेव्हा थीमची सूचनाच मिळत नाही आणि आपण टरकतो. आता हे तीस सेकंदांची क्लिप म्यूट करून कसं कळणार?

दुसरं, मोठे दिग्दर्शक. बरं, हिचकॉक चालेल? 'सायको'तला (१९६०) शॉवरचा सीन बिनसंगीताचा ठेवायचं हिचकॉकचं आधी ठरलं होतं, संगीतकार बर्नार्ड हरमननी तरी फक्त तंतुवाद्यांवर तो किंचाळणारा पीस लिहिला, तो ऐकल्यावर हिचकॉकनी मत बदललं. 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) नेहमीसारखं संगीत नाही हे खरंय, पण त्यातले पक्ष्यांचे आवाज बरेचसे ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बनवलेत आणि ध्वनी सल्लागार परत हरमनच. आपल्याकडे शांतारामबापूंनी १९३७ साली 'कुंकू' पार्श्वसंगीताशिवाय काढला, रोजच्या जगण्यातल्या आवाजांवर, ते धाडसच होतं, पण गाणी होतीच ना त्यात, केशवराव भोळ्यांची! चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये पार्श्वसंगीत नाही, पण सुरुवातीलाच शाहिराचं गाणं आहे, आणि सगळा खटला त्या गाण्यापायीच आहे.

रडायच्या हुकमाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला कारण याला उत्तर सत्यजित राय यांनी १९५५ लाच देऊन ठेवलंय. 'पथेर पांचाली'त हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परत येतो, आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला, सर्वजयाला दाखवतो, मुलगी दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही, आपल्याला माहितीय. सर्वजया ती साडी दातात धरते आणि कोसळते, तोंड उघडतं, पण तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई चढ्या सुरात वाजते (एसराज या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याला कर्णा जोडलेलं वाद्य, एरवी फारसं कानावर पडत नाही). म्हणजे रडायला सांगायला संगीत नाहीये इथे, रडणंच काढून घेतलंय आणि त्या जागेवर ते उभंय. प्रत्यक्ष हंबरडा ऐकवला असता तर ती एका बाईची किंकाळी झाली असती, तेवढीच. पंडित रविशंकरांनी या सिनेमाचं काम जवळपास एका रात्रीच्या बैठकीत उरकलं होतं हे वाचलं की मला दरवेळी नव्याने हेवा वाटतो.

आता सैराट. हो, शेवट सुन्न करतो, ते लेकरू रडत बाहेर येतं, फरशीवर पावलांचे लाल ठसे, आवाज शून्य. मान्य. पण त्याआधीच्या जवळपास तीन तासांत काय चाललं होतं? अजय-अतुलनी हॉलीवूडला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, त्या व्हायोलिन्सवर परश्या विहिरीत उड्या मारतो, थेटरात लोक झिंगाटवर खुर्च्या सोडून नाचत होते, मग हैदराबादेत पोचल्यावर गाणी आटत जातात, आणि शेवटी सगळंच बंद. ती शांतता बसते कारण कान आधी भरलेले असतात. सैराटच्याच दिग्दर्शकानी, नागराज मंजुळेंनी, 'फँड्री'त उलटं केलंय, डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत सुरू झाल्यावर जागच्या जागी थिजतं. तिथे शांतता ठेवून बघा, सीनच उरत नाही.

'जाणवत नाही तेच चांगलं' यावर काय बोलायचं. शोलेत जय माऊथ ऑर्गन वाजवतोय, समोर राधा एकेक दिवा मालवतेय, दोघं अक्षर बोलत नाहीत, अख्खी प्रेमकथा त्या सुरात आहे. ते जाणवू नये म्हणता?

एक मात्र देऊन टाकतो. सासूने नुसती मान वळवली तरी तीनदा धाडधाड वाजवून प्रत्येकाचा चेहरा झूम करणाऱ्या सिरियली खुशाल म्यूट करा, त्यांच्या वतीने भांडायला मी येणार नाही. पण तो राग रविशंकर आणि हरमनवर का काढताय राव?