४३ कॉम्प्रेसर आणि एक कूलर

परवा रविवारी भरदुपारी माझा मावसभाऊ लॅपटॉपची बॅग पाठीला लावून घरी आला. मे महिन्यातलं नागपूर, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि हा बर्डीहून स्कूटरवर. तोंडाचा दुपट्टा सोडायच्या आधीच प्रश्न.

"ताई, मिक्ससाठी कॉम्प्रेसर कोणता घेऊ? सेल उद्या संपून राहिला."

"आधी आहेत किती?"

कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजमधला नव्हे, मोठा आवाज दाबून आवाजातला चढउतार कमी करणारा. त्यानं एफएल स्टुडिओ, म्हणजे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर, उघडून यादी दाखवली. मी मोजले. ४३. त्यातले निम्मे कोणाच्या पेन ड्राइव्हवरून आले ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. "यातला रोजच्या वापरातला कोणता?" तर म्हणे, "रोजचा असा काही नाही. ज्याच्या मीटरची सुई छान हलते तो लावतो."

पोरगं खरं बोललं. आपल्यातले बरेच जण हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत. आणि कोणी ना कोणी दर महिन्याला मला हाच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाचं इथंच लिहून ठेवते. पटलं नाही तर खाली भांडा.

माझं म्हणणं असं की इलेक्ट्रॉनिक म्युझिकमध्ये "कोणता कॉम्प्रेसर" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, "कशाला?" सॅम्पल पॅकमधली (तयार आवाजांच्या संचातली) किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका, तुमच्याकडे येते ती आधीच कोणीतरी चांगल्या खोलीत बसून दाबून, कापून, घासूनपुसून दिलेली असते. तिच्यावर पुन्हा कॉम्प्रेसर लावणं म्हणजे इस्त्री केलेल्या शर्टाला इस्त्री. सिंथचंही (इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं वाद्य) तेच. गायकाचा आवाज खालीवर होतो, तबलजीचा हात कमीजास्त पडतो, म्हणून हे यंत्र जन्माला आलं. सिंथवर सोळा सूर एकाच व्हेलॉसिटीने (पट्टी दाबायच्या जोराने) लिहिले तर ते बहुतेक वेळा सोळाही सारखेच वाजतात. प्लक, म्हणजे तार छेडल्यासारखा सूर, फार टोचतो? सिंथच्या एन्व्हलपमध्ये अटॅक, म्हणजे सूर चढायला लागणारा वेळ, थोडा वाढवा. तीन प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) लावून तेच साधायचं तर लावा बापडे.

मग कॉम्प्रेसर लागतो कुठे? मला सगळ्यात जास्त लागतो तो आपल्या मातीतला आवाज ट्रॅकमध्ये घालताना. नागपूरकरांना धुमाल पार्टी काय असते ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: नगारे, ताशे, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, सगळं गाडीवर, आणि वरात अर्धा किलोमीटर लांबूनच कळते. डिसेंबरात नागपूरच्या महाल भागातल्या एका वरातीत मी रेकॉर्डर घेऊन चालले होते. त्यातल्या नगाऱ्याचे आठ ठोके कापून घेतलेत, आणि गेले पाच महिने कॉम्प्रेसर त्याच आठ ठोक्यांवर पारखते आहे.

नगाऱ्याच्या एका ठोक्यात दोन गोष्टी असतात. आधी काडीची चटक, मग चामड्याचा घुमारा. त्या दोघांपैकी कोणाला पुढे करायचं, हे ठरवतो कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे आवाज आल्यावर त्याची पकड किती वेळात बसते ते. भावाला ऐकवलं. ११७६ या जुन्या कॉम्प्रेसरच्या जातीचा एक प्लगइन लावला. मूळ यंत्र १९६० च्या दशकातलं, बिल पुटनम यांचं, एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) जातीचं. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. म्हणजे सगळ्यात सावकाश ठेवला तरी एका मिलिसेकंदाच्या आतच. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे डिजिटल आवाजात सेकंदाचे ४४,१०० तुकडे केले तर, एका तुकड्याचा वेळच जवळपास २३ मायक्रोसेकंद होतो, त्यावरून हे काय प्रकरण आहे ते समजा. अटॅक सगळ्यात जलद केला, आठेक डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) दाबला, की चटक गायब. घुमारा फुगून पुढे आला, आणि नगारा सोडून कोणी रिकामं खोकं बडवून राहिलं असं वाटायला लागलं.

मग तो काढून एसएसएल कंपनीच्या बस कॉम्प्रेसरच्या (अनेक आवाज एकत्र दाबणारा) धर्तीचा लावला. मूळ यंत्रात अटॅकला सहाच पायऱ्या: ०.१, ०.३, १, ३, १० आणि ३० मिलिसेकंद. ३० वर ठेवला. चटक पूर्ण निघून गेल्यावर याची पकड बसते, त्यामुळे अंग दाबलं जातं आणि काडी उठून दिसते. तोच ठोका, तोच नगारा, पण आता कानाखाली वाजवल्यासारखा. भाऊ म्हणाला, "अरे, हा तर जास्त जोरात झाला!" जोरात झाला नव्हता. मीटर तेवढंच होतं.

जाता जाता: ११७६चे अटॅक आणि रिलीजचे (पकड सुटायच्या वेळेचे) नॉब उलटे असतात. उजवीकडे पूर्ण फिरवला की जलद. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे मी पहिलं वर्षभर "फास्ट" म्हणून डावीकडे ठेवून सगळ्यांना ज्ञान देत होते. ज्यांना दिलं त्यांची माफी.

बाकीच्या जाती थोडक्यात. एलए-२ए ऑप्टो आहे, म्हणजे आत एक प्रकाश देणारी पट्टी आणि प्रकाश पाहून बदलणारा रेझिस्टर. दोनच मोठे नॉब. पकड सुटताना निम्मी पटकन सुटते, उरलेली रेंगाळत. गाणाऱ्या आवाजावर, लांब पॅडवर लोण्यासारखा. किकवर त्याचं काही काम नाही. फेअरचाइल्ड ६७० हे ट्यूबचं धूड, वजनाला तीसेक किलो, आणि त्याचं प्लगइन पंधरा प्रकारांत मिळतं. मला आवडतं. गरज पडल्याचं मात्र आठवत नाही. व्हीसीए जातीचे (व्होल्टेजने आवाज कमीजास्त करणारे) सगळ्यात कामाचे, कारण ते सांगितलं तेवढंच करतात.

आता मुद्द्याचं. भावाचा दुपट्टा खुर्चीवर पडला होता, तोच मी त्याच्या डोळ्यांना बांधला. तीन कॉम्प्रेसर, एकच ड्रम लूप, सेटिंग जमेल तेवढं सारखं. पहिल्या फेरीत आवाजाची पातळी जुळवली नाही. त्यानं पाच पैकी पाच वेळा जो सर्वात मोठा वाजत होता तोच "प्रो साउंड" म्हणून निवडला. दुसऱ्या फेरीत तिघांची पातळी अर्ध्या डीबीच्या आत आणली. आता पंचाईत झाली. दोघांतला फरक त्याला सांगता येईना, आणि तिसरा, ज्याला तो "हा पैशावाला आहे, कळतंच" म्हणाला, तो निघाला टीडीआर कोटेलनिकोव्ह. फुकट मिळतो.

त्यात त्याची काही चूक नाही. जरासा मोठा आवाज आपल्या सगळ्यांच्याच कानाला बरा वाटतो. बरेच प्लगइन लावल्या लावल्या आपोआप मेकअप गेन (दाबल्यावर कमी झालेला आवाज परत वाढवणं) चढवतात. आपण दाद द्यायला लागतो, आणि प्रत्यक्षात फक्त व्हॉल्यूम वाढलेला असतो. ऑटो गेन बंद करा, बायपास दाबून (म्हणजे कॉम्प्रेसर तात्पुरता बाजूला करून) पातळी जुळवा, मगच मत बनवा. हे केलं की विकत घ्यायच्या अर्ध्या यादीची हवा निघून जाते.

एक गोष्ट आकड्यांतली, पण कामाची. ५० हर्ट्झच्या बेसचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. तुमचा रिलीज त्याच्याही खाली गेला तर कॉम्प्रेसर सुराची पातळी सोडून थेट लहरीच्याच मागे धावतो आणि बेस फाटतो. कधी तो फाटका बेसच पाहिजे असतो, तेव्हा ठीक. नको असेल तर रिलीज वाढवा, आणखी एखादा "वॉर्म" प्लगइन शोधत बसू नका. शिवाय एका कंपनीचे १० मिलिसेकंद दुसऱ्या कंपनीचे १० नसतात, मोजायची पद्धतच सगळ्यांची एक नाही. तेव्हा व्हिडिओ पाहून आकडे उतरवून घेण्याचा उपयोग मर्यादित आहे.

आणि साइडचेन! इलेक्ट्रॉनिक संगीतात कॉम्प्रेसरचं दुसरं मोठं काम हे. बेसवरच्या कॉम्प्रेसरला किक ऐकवायची. किक आली की बेस खाली वाकतो, गेली की वर येतो. १२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ ठोके) एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा, म्हणजे बेसने साधारण अर्ध्या ठोक्यात, २४० च्या आसपास, परत जागेवर यायला हवं. तिथून पुढे कानानं. यासाठी महागडा प्लगइन लागतच नाही. एफएलमधला फ्रूटी लिमिटर हे करतो, एबलटन या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा साधा कॉम्प्रेसर करतो, आणि नुसता व्हॉल्यूम खालीवर करणारी एखादी वक्ररेषा तर याहून स्वच्छ करते. फ्रेंच हाउस या डान्स संगीतवाल्यांनी अ‍ॅलेसिस ३६३० नावाच्या स्वस्तातल्या डब्याच्या धापा टाकण्यालाच स्टाइल करून टाकलं, हे लक्षात असू द्या.

धापेवरून माझी फजिती आठवली. दोन वर्षांपूर्वी एका मिरवणुकीसाठी मी रिमिक्स केला. मास्टरवर, म्हणजे अख्ख्या गाण्यावर, बस कॉम्प्रेसर, ४:१ (मर्यादेवरचे चार डीबी एकावर आणणारा), अटॅक अगदी जलद, सुई सात डीबीपर्यंत आपटत होती, आणि हेडफोनमध्ये काय ते "ग्लू", म्हणजे सगळं चिकटून एकजीव झाल्यासारखं, वाटत होतं. मिरवणुकीत गाडीवरच्या सिस्टिमवर लागलं. प्रत्येक किकला बेंजोची धून पाण्यात बुडून वर यायची. त्यात सिस्टिमचा स्वतःचा लिमिटर (ठरल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा). सिस्टिमवाला दादा फेडरवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं गाणं दमून राहिलं."

सगळी ताकद खालच्या पट्टीत असते, त्यामुळे कॉम्प्रेसर किकलाच घाबरतो आणि शिक्षा बेंजोला होते. कॉम्प्रेसरच्या आवाज मोजणाऱ्या डिटेक्टरवर हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारी चाळणी) लावून १०० ते १५० हर्ट्झच्या खालचं त्याला ऐकूच दिलं नाही तर हे बरंचसं थांबतं. एबलटनच्या ग्लू कॉम्प्रेसरमध्ये ती सोय आतच आहे (तो सायटॉमिकच्या द ग्लूवरूनच आलाय). आता माझ्या मास्टरवर २:१, ३० मिलिसेकंद अटॅक, सुई दोनच्या वर गेली की मी मागे. पुष्कळदा काहीच नाही.

माझ्याकडे कॉम्प्रेसर आहेत चार. कोटेलनिकोव्ह, ग्लू, एक ११७६च्या जातीचा, आणि फॅबफिल्टरचा प्रो-सी २, जो एकटाच मी विकत घेतला, कारण तो काय करतोय ते पडद्यावर नीट दिसतं आणि शिकताना त्याचा उपयोग झाला. पाचवा घ्यायचा झाला तर आधी या चौघांत जमत नाही असं एक काम मला दाखवा.

भावाला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पण ताई, मला रिलीजचा फरक ऐकूच येत नाही." बरोबर आहे, कसा येईल? खोलीत कूलर घरघरत होता. त्या घरघरीखाली रिलीजची शेपटी अख्खी बुडते. कूलर बंद केला. दहा मिनिटं ऐकलं, शर्ट भिजले, पुन्हा कूलर लावला, पाच मिनिटं बसलो, पुन्हा बंद. असं चार वेळा केल्यावर ८० आणि ३०० मिलिसेकंदांतला फरक त्याला कळला. तोंडभर हसला.

संध्याकाळी जाताना ४३ मधले ३८ त्यानं स्वतः उडवले. रात्री साडेअकराला मेसेज आला: "ताई, सेल दोन दिवस वाढला."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.