नुसतं पोट बांधून भागत नाही

बाळंतपणानंतरच्या काळजीवरच्या तुमच्या लेखात बाळंतिणीच्या पोटपट्ट्यावर आणि शेकशेगडीवर भरपूर लिहिलंय, पण खोकताना-शिंकताना लघवी सुटते त्याबद्दल एक ओळ नाही. आमच्या गुहागरकडे भरलेली कळशी घेऊन घाटी चढणाऱ्या बायका हे वर्षानुवर्षं सोसतात. ‘पोरं झाली की व्हायचंच’ म्हणून सासूही गप्प, सूनही गप्प. अहो, यावर उपाय आहे! ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (लघवी रोखताना आवळतो ते) आत-वर ओढायचे, श्वास न कोंडता काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी किमान 8 वेळा, दिवसातून 3 दा, निदान 3 महिने. कळशी उचलण्याआधीही ते आवळावेत. दुखत असेल किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. काहींचे स्नायू मुळातच ताठलेले असतात, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं.