ध्येयात आकडा नाही म्हणून ते ध्येय नाही? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच दोन ओळींत उत्तर टाकावंसं वाटेना, कारण तुम्ही स्वतः शिवता, वर्षानुवर्षं शिवताय, आणि बोलण्यात राग असला तरी मुद्दे नेमके आहेत. म्हणून जरा लांबलचकच लिहितेय, सवड मिळेल तसं वाचा.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी साध्या, प्लेन कपड्यांचे मेकओव्हर आणि वर्षभराची वैयक्तिक ध्येयं यावर एकत्र लिहिलं होतं आणि त्यात माझं या वर्षीचं एक ध्येय दिलं होतं, 'उरेब पट्टीचा गोट', म्हणजे गळ्याच्या कडेला तिरक्या कापडाची पट्टी, 'नीट लावायला शिकायचं'. त्यावर ताईंचं म्हणणं असं की चांगल्या प्लेन कपड्याला लेस आणि पॅच लावून त्याची रया घालवू नये, शिवण हा छंद झाला, आयुष्याची ध्येयं म्हणजे तब्येत, पैसा, करिअर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'शिकायचं' हे ध्येयच नव्हे. त्यात आकडा नाही, तारीख नाही. 'महिन्याला दोन कपडे' असं काहीतरी ठरवा, नाहीतर ती नुसती इच्छा राहते.

लेस-पॅचच्या बाबतीत आपण बऱ्यापैकी एकाच बाजूला आहोत हो. मेकओव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मणी-मोती येतात, पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा मेकओव्हर फिटिंगचा. एखादा प्लेन सुती शर्ट खांद्यात बरोबर बसतो पण कमरेत ढगळ होतो, अशा शर्टाच्या पाठीला दोन उभे टक्स घ्यायचे, म्हणजे कापड आतून चिमटीत धरून त्यावर शिवण मारायची, मध्ये रुंद आणि वर-खाली निमुळती. एकेका टक्समध्ये दोन सेंटीमीटर कापड गेलं तरी कमरेचा घेर चार सेंटीमीटरने कमी होतो आणि बघणाऱ्याला काय केलंय ते कळतसुद्धा नाही, नुसता शर्ट अंगाला बसलेला दिसतो. आधी कच्चा टाका मारून शर्ट अंगात घालून बघायचं, बसून बघायचं, हात वर करून बघायचं, मगच मशीनवर टीप. अवघड जागा एकच, टक्सचं टोक. तिथे मशीन मागे-पुढे करून टीप पक्की करायला गेलं की टोकाशी फुगा येतो, म्हणून शेवटचे दोन-तीन टाके अगदी घडीच्या कडेवरून न्यायचे, तसंच बाहेर पडायचं आणि दोऱ्याची दोन्ही टोकं हाताने गाठ मारून बंद करायची. मग टक्स पाठीच्या मध्याकडे वळवून इस्त्री. यात शर्ट प्लेनचा प्लेनच राहिला ना!

लेसचं म्हणाल तर बहुतेक वेळा ती न धुता लावलेली असते म्हणून वाईट दिसते. जुना कपडा धुऊन धुऊन आटून बसलेला असतो आणि नवी सुती लेस पहिल्याच धुण्यात आटते, मग टीप ओढली जाऊन सगळीकडे चुण्या पडतात. लेस आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घेतली की अर्धी तक्रार संपते. टी-शर्टवरच्या पॅचचंही असंच. खालचं कापड ताणलं जातं, वरचा पॅच ताणत नाही, त्यामुळे मागून पातळ पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावल्याशिवाय आणि बॉलपॉइंट म्हणजे गोलसर टोकाची सुई घातल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. आणि जिथे कापडच सुंदर आहे तिथे काही लावू नये हे तुमचं मत मला शंभर टक्के मान्य आहे.

आता तुमचा मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

उरेब पट्टी काय ते तुम्हाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशात तिरकी कापलेली पट्टी. तिरकी असल्यामुळे ती ताणली जाते आणि गोल गळ्यावर वळते, सरळ पट्टी तशी वळत नाही. तिचाच गळ्याच्या कडेला गोट लावतात, काहीजण त्याला पायपिन म्हणतात. तयार गोट एक सेंटीमीटर हवा तर पट्टी चार सेंटीमीटर रुंद कापायची, कारण तिचे चार पदर होतात. इथपर्यंत सगळं मोजता येतं. पुढे मात्र पट्टी शिवताना 'किंचित' ताणून धरायची असते आणि हे किंचित म्हणजे किती ते कुठेच लिहिलेलं नसतं. कमी ताणली तर गोट गळ्यापासून सुटून उभा राहतो, जास्त ताणली तर गळाच गोळा होतो. समोरच्या खोल वळणावर ताण जास्त लागतो, खांद्याजवळ गळा जवळपास सरळ असतो तिथे लागतच नाही. त्यात एक हात पट्टी ताणत असतो तेव्हा दुसरा हात नकळत खालचं कापडही ओढायला लागतो, आणि तिरकं कापड ते, लगेच वाढतं. प्रत्येक कापडाला ताण वेगळा, मऊ रेयॉनला एक आणि कडक सुतीला दुसरा. हे बोटांनाच कळावं लागतं आणि बोटांना ते उसवून परत लावल्याशिवाय कळत नाही.

अशा वेळी माझं ध्येय 'महिन्याला दोन कपडे' असं असतं तर काय झालं असतं सांगा बरं? वीस तारीख उलटली की मी गोटाचा नाद सोडला असता, दोन टी-शर्टवर दोन पॅच मारले असते, आकडा पूर्ण, आणि जे शिकायचं होतं ते तिथल्या तिथेच राहिलं असतं. आकड्याच्या हिशोबात उसवणं म्हणजे वाया गेलेला वेळ. शिकण्याच्या हिशोबात तोच सगळ्यात कामाचा वेळ असतो, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

हे एकट्या माझं मत नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर कित्येक दशकं काम केलंय आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यांच्याचकडे आहे, की 'जमेल तेवढं कर' म्हणण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं तर माणसं जास्त चांगलं काम करतात. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण १९८९ मध्ये रूथ कॅन्फर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी एक संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात अमेरिकन हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमानांच्या वाहतूक नियंत्रणासारखं अवघड काम कॉम्प्युटरवर शिकायला दिलं होतं. ज्यांना अगदी सुरुवातीलाच अवघड, आकड्यातलं ध्येय दिलं त्यांना त्याची मदत व्हायच्या ऐवजी अडथळाच झाला, आणि काम थोडं हातात बसल्यावर दिलेलं ध्येय मात्र उपयोगी पडलं. त्यांनी कारण दिलं ते मला मशीनवर बसून रोज पटतं. नवीन काम शिकताना सगळं लक्ष त्या कामालाच पुरत नाही, त्यातून 'माझे किती झाले' हे बघायला लक्ष काढलं की शिकणं उपाशी राहतं. पुढे लेथम यांच्याच संशोधनात दिसलं की गुंतागुंतीच्या नव्या कामात 'इतकं काम झालंच पाहिजे' या ध्येयापेक्षा 'हे काम करायच्या पद्धती शोधून काढ' असं शिकण्याचं ध्येय जास्त कामाला येतं.

आणि शिकण्याचं ध्येय म्हणजे मोघम ध्येय नव्हे हो, इथे आपली गल्लत होतेय असं मला वाटतं. माझं शिकून झालं हे मला कसं कळणार ते मी पक्कं ठरवलंय. गोट गळ्याला सपाट बसला पाहिजे, आतली टीप बाहेर डोकावता कामा नये, पट्टीचा जोड खांद्याच्या मागे गेला पाहिजे आणि कपडा धुऊन वाळल्यावरही हे सगळं तसंच राहिलं पाहिजे. एवढं झालं की शिकले, नाही झालं की नाही शिकले. यात नुसती इच्छा कुठे आली?

राहिली ती मोजमाप-मुदतवाली यादी, जी तुम्हीही प्रतिक्रियेत लिहिली होती, स्मार्ट (SMART) ध्येयांची, म्हणजे ध्येय कसं असावं याच्या पाच निकषांची, ज्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. ती जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका मॅनेजमेंटच्या मासिकात मांडली, मॅनेजर लोकांनी कामाची उद्दिष्टं कशी लिहावीत यासाठी. तिच्या मूळ रूपात एक निकष 'हे काम कोण करणार ते ठरवा' असा होता, जो घरी एकटीने मशीनवर बसणाऱ्या बाईला विचारायची गरजच नाही, आणि प्रत्येक उद्दिष्टात पाचही निकष असतीलच असं नाही हेही डोरन यांनी तिथेच लिहून ठेवलंय. ऑफिससाठी ती यादी चांगलीच आहे, माझा तिच्यावर राग नाही. पण तीच पट्टी घेऊन सगळ्यांची सगळी ध्येयं मोजायची याला मात्र माझा विरोध आहे.

आकडा मी टाकूनही दिलेला नाही. जे हातात बसलंय तिथे मी आकडाच ठेवते. बटणं लावणं, पँटची उंची कमी करून खाली दुमड घालणं, बाहीचं सुटलेलं शिवण परत मारणं, यात शिकायचं काही उरलेलं नाही, फक्त उरकायचं आहे, तिथे 'या महिन्यात कपाटातले सगळे बटणं तुटलेले शर्ट' असं सरळ ध्येय लावलं की काम भराभर होतं. आणि वेळेचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं १९९९ चं एक साधं सूत्र मला फार उपयोगी पडलंय, अमुक झालं की तमुक करायचं असं आधीच बांधून ठेवायचं. माझं असं आहे की शनिवारी दुपारची भांडी आवरली की मशीनवरचं कव्हर काढायचं. शिवायचं की नाही हा विचार करायचाच नाही, कव्हर काढायचं, बस.

आता छंद आणि ध्येय. तब्येत, पैसा, करिअर ही मोठी ध्येयं आहेत याबद्दल दुमत असायचं कारणच नाही. पण मला असं दिसतं की तिथेही आपण सगळे थेट आकड्यालाच जाऊन भिडतो. ज्याने कधी व्यायाम केला नाही तो पहिल्या दिवशी 'इतके किलो कमी करणार' म्हणतो, खरं तर आधी गुडघ्यांना कोणता व्यायाम झेपतो, दिवसातली कोणती वेळ टिकते हे त्याला शोधायचं असतं. पैशांचं घ्या, महिन्याला अमुक रक्कम बाजूला टाकायची असं ठरतं आणि पैसा जातो कुठे हेच माहीत नसतं, तिथे पहिलं ध्येय खर्च लिहायला शिकणं हे असायला हवं, रक्कम नंतर. शिवणकाम मी त्या लेखात ध्येयांच्या शेजारी ठेवलं ते यासाठी. प्लेन कपडा आधीच शिवलेला असतो, त्याला खांदे आहेत, बाह्या आहेत, सगळं तयार आहे, मला फक्त गळ्याच्या कडेवर काम करायचंय. एवढ्या छोट्या जागेत माणसाला स्वतःचं शिकणं जवळून बघायला मिळतं, आपण कुठे घाई करतो, कुठे चिडतो, कुठे 'चालतंय' म्हणून सोडून देतो. पगारवाढीच्या ध्येयात हे इतकं स्वच्छ दिसत नाही, कारण तिथे निम्मी सूत्रं दुसऱ्याच्या हातात असतात.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, मग गोटानंतर पुढे काय. पुढे शर्टाची कॉलर उलटवायला शिकायचंय. शर्ट चांगला असतो पण कॉलर घडीवर विरते, ती स्टँडपासून (कॉलरखालच्या गळपट्टीपासून) उसवून, उलटी करून परत बसवली की विरलेली बाजू खाली जाते आणि शर्ट आणखी बरीच वर्षं चालतो. माझं सगळं घोडं अडतंय ते कॉलर परत स्टँडमध्ये घालताना, आतला आणि बाहेरचा पदर सारखा राहत नाही आणि एका टोकाला कापड उरतं. तुम्ही मध्यापासून दोन्हीकडे टाचत जाता की एका टोकापासून सुरू करता? आणि कच्चा टाका आतल्या पदराला आधी घालता का दोन्ही पदर एकदम धरता? नक्की लिहा, येत्या शनिवारी तसंच करून बघते.