झेब्रिनाचं टक्कल

झेब्रिना ही लोंबती शोभेची वेल कधी मरत नाही, असं तिची कटिंगं वाटणारी मंडळी छातीठोकपणे सांगतात. खोटं नाही ते. फक्त ती जिथे लावली तिथे टिकत नाही, एवढं सांगायचं राहून जातं. वर्ष-दीड वर्षाची लटकती कुंडी खालून पाहावी: दोन-अडीच फूट लोंबणाऱ्या वेली, पानांवर चंदेरी पट्टे, खालची बाजू गर्द जांभळी, काय तो थाट! मग स्टुलावर चढून वरून पाहावी. मधोमध उघडी माती आणि काठाकडे निघालेल्या चार वाळक्या काड्या. अख्खं टक्कल.

या टकलाला मालक जबाबदार असतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते निम्मा दोष खुद्द झाडाचा. ट्रॅडेस्कॅन्शिया वंशातल्या या लोंबत्या जातींची सगळी वाढ शेंड्याकडे. जुनी पानं गळतात आणि त्या जागी नवीन पान येत नाही. उघडं पडलेलं देठ उघडंच राहतं. मूळच्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या ओलसर रानात यात काहीच बिघडत नाही. तिथे वेल जमिनीवर सरपटते, पेराचा, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याचा, मातीला स्पर्श झाला की तिथे मुळं फुटतात, आणि मागचा भाग वाळला तर वाळो. आपण तिला हवेत टांगतो. पेरं मातीच्या शोधात खाली उतरत जातात आणि वाटेत फक्त फरशी भेटते.

उरलेला निम्मा दोष मात्र आपल्या खिळ्याचा. कुंडी आपण छताजवळ टांगतो आणि खिडकी संपते तिच्या फूटभर खाली. उजेड मिळतो तो लोंबत्या टोकांना, कुंडीचं डोकं कायम अंधारात. तेव्हा कुंडीचा काठ खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षा खाली हवा. छान उजेड पण दुपारचं ऊन नाही, अशी जागा. उजेड कमी पडला की दोन पानांमधलं अंतर वाढतं, जांभळा रंग हिरवटतो आणि वेल रोडावते. चंदेरी पट्टे तेवढे बरेच दिवस तग धरतात, कारण तो रंग नव्हेच. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली हवेची पोकळी असते, तिच्यावरून उजेड परततो, म्हणून तो भाग चकाकतो. गुलाबी-पांढऱ्या छटांच्या ‘नॅनूक’ या ट्रॅडेस्कॅन्शिया वाणाचं गणित वेगळं. तिच्या फिकट भागात हरितद्रव्यच कमी. तिला मधूनच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते, ती जास्त अन्न बनवते, जास्त वेगाने वाढते आणि बघता बघता गुलाबी बाईंना घराबाहेर काढते. हिरवी फांदी दिसली की मुळाशी कापायची. दया दाखवायची नाही.

पाण्याचं सांगायचं तर बोट मातीत दोन पेरं खुपसा. कोरडं लागलं तर भरपूर घाला, ओलं लागलं तर बोट पुसा आणि घरात जा. जास्त पाण्याने देठ बुडाशी मऊ, तपकिरी, पाणचट होतं आणि वेल हलकेच ओढली तरी हातात येते. कमी पाण्याने खालची पानं कागदासारखी कुरकुरीत होतात. गंमत अशी की टक्कल दोन्हींनी पडतं. पाणी मातीवर घाला, पानांच्या बेचक्यात नको. तिथे साचलं की पानं कुजतात. खाली भोक नसलेल्या सुंदर कुंड्या सुंदरच असतात, त्यात पेनं ठेवावीत.

आता उपचार. सौम्य टक्कल असेल तर जे बरेच गृहस्थ डोक्यावर करतात तेच इथे करायचं: कडेची लांब वेल उचलून मधल्या मोकळ्या जागेवर आडवी घालायची. फरक इतकाच की इथे ते खरोखर लागू पडतं! वेल मातीवर टेकवून पेरापाशी हेअरपिनने दाबून ठेवा, माती जराशी ओलसर ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांत पेराला मुळं धरतात आणि मग बगलेतून नवा फुटवा वर येतो.

टक्कल गंभीर असेल तर मलमपट्टीत वेळ घालवू नका, नवीन कुंडी भरा. दोन भाग कोकोपीट किंवा चांगली माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग परलाइट किंवा जाड वाळू. शेंड्याकडची चार-चार इंचांची कटिंगं पेराच्या किंचित खाली कापा, खालची एक-दोन पानं काढा आणि एक पेर तरी मातीत जाईल अशी खोचा. सहा इंची कुंडीला आठ-दहा कटिंगं लागतात. इथे बहुतेक जण कंजुषी करतात, तीन खोचतात आणि दाट वाढीची वाट बघत बसतात. वेली जरा लांबल्या की शेंडे खुडा. शेंडा गेला की खालचे डोळे जागे होतात आणि एकाच्या दोन फांद्या होतात. भरात आलेला, सर्वांत देखणा शेंडा खुडायला हात धजावत नाही, हे कबूल. तरी खुडाच. चीक काहींच्या त्वचेला खाजतो, मांजरा-कुत्र्यांनाही त्रास देतो, हातमोजे घाला.

बाहेर ठेवायची असेल तर आठवडाभर आधी सावलीत, मग कोवळ्या सकाळच्या उन्हात. रंग असा चढतो की घरातली ती हीच का, असा प्रश्न पडावा. दुपारच्या उन्हात तीच पानं फिकी पडून करपतात. तापमान १० अंशांखाली जाण्याआधी आत घ्या, आणि घेताना पेरांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का ते पाहा. तो कापूस नसतो, मिलीबग ही कीड असते. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर नक्कीच शोधा.

बाहेरचा खरा घोटाळा पुढेच आहे. देठं ठिसूळ, वाऱ्याने पेरापाशी मोडतात आणि जिथे पडतात तिथे रुजतात. कुंडीत एक पान धरायला तयार नसलेली ही बाई जमिनीवर मात्र गालिचा अंथरते. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात ती आगंतुक तण म्हणून कुप्रसिद्ध आहे. त्यामुळे छाटलेले तुकडे झाडाखाली, नाल्याकाठी किंवा थेट कंपोस्टच्या ढिगात टाकायचे नाहीत. काळ्या पिशवीत भरून गाठ मारा, कडक उन्हात ठेवा आणि सगळं तपकिरी, कोरडंठाक झाल्यावरच कंपोस्टमध्ये घाला. गाठ सोडल्यावर एखादं पेर अजून हिरवं दिसलं, तर पुन्हा गाठ मारायची आणि पिशवी परत उन्हात.